एक शिलिंग आणि सपातांचा जोड

धुळ्याच्या एका कॉलेजात वार्षिक नाटक म्हणून बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' बसतंय: रस्त्यावर फुलं विकणाऱ्या एलायझाला हिगिन्स नावाचा उच्चारशास्त्राचा प्राध्यापक बाईसाहेबांसारखं बोलायला शिकवतो, ते. रूपांतर मराठी, गाव इकडचंच. एलायझा करणाऱ्या मुलीनं विचारलंय: "आमचे सर म्हणतात, पहिल्या दोन अंकांत अहिराणी बोल आणि तिसऱ्यापासून शुद्ध मराठी, म्हणजे बदल आपोआप दिसेल. पण ताई, चौथ्या अंकात मी रडू की चिडू तेच कळत नाही. आणि एवढं शिकवलं त्या माणसानं, तर शेवटी ती त्याच्यावर उलटते कशी? लोकांना ती कृतघ्न नाही का वाटणार?"

ताई म्हटलंस, बरं वाटलं. वयानं मी तुझी आत्या शोभेन. एलायझा मी बावीस वर्षांची असताना स्वतः केली आणि पुढे जळगावात तीनदा बसवली. चारही वेळा कुठे ना कुठे चुकले. हे उत्तर त्या चुकांतून आलेलं आहे आणि लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

आधी सरांचा तोडगा. बोली बदलली की मुलगी बदलली असं वाटणं साहजिक आहे, मलाही तसंच वाटलं होतं. मी यावल तालुक्यातली. आमच्याकडे लेवा बोली, तुमच्याकडे अहिराणी, पण 'ळ'चं दुखणं दोघींचं सारखं. आमच्या घरात केळीला केयी, डोळ्याला डोया, शाळेला शाया. सातवीत असताना वक्तृत्व स्पर्धेच्या एका परीक्षकांनी भर सभेत म्हटलं होतं, "ज्या मुलखातून देशभर केळी जातात तिथल्या पोरीला 'केळी' म्हणता येत नाही!" सगळा हॉल हसला. मी पेटले. आरशासमोर उभी राहून 'कोळ्याच्या जाळ्यात काळी मासोळी' घोकायचे, रोज शंभरदा. त्यामुळे एलायझा हातात आली तेव्हा वाटलं, हे तर माझंच नाटक. पहिल्या अंकात सगळीकडे 'य' आणि तिसऱ्यात असा टणटणीत 'ळ' लावला की टाळ्याच पडल्या.

आई प्रयोगाला आली होती. घरी आल्यावर म्हणाली, "पह्यले तू व्हती, मंग कोनी दुसरीच आली. तू कुठी गेली व्हती?"

माझी सगळी चूक त्या एका प्रश्नात होती, पण तेव्हा मला वाटलं, आईला नाटक कळलं नाही. मी दोन मुली रंगवल्या होत्या, एक गावंढळ आणि एक सभ्य. शॉनं एकच लिहिली आहे, आणि ती पहिल्या अंकापासून हट्टी आहे.

बघ. लंडनचं कॉव्हेंट गार्डन, म्हणजे तेव्हाचा फळाफुलांचा बाजार. रात्रीचे सव्वाअकरा, धो धो पाऊस, नाटकं सुटलेली, आणि लोक चर्चच्या खांबांखाली आडोशाला उभे. ही फुलं विकतेय. खांबामागे कुणीतरी आपलं बोलणं टिपून घेतंय म्हटल्यावर तिला वाटतं, पोलिसांचा माणूस. ती घाबरते. पण घाबरून ती काय म्हणते? फुटपाथची कड सोडून उभं राहिलं तर फुलं विकायचा मला हक्क आहे. माझी अब्रू माझ्यापुरती कुठल्याही मोठ्या बाईच्या अब्रूइतकीच मोलाची आहे. म्हणजे भीती आणि हक्क एकाच दमात. बहुतेक एलायझा इथे नुसत्या किंचाळतात आणि प्रेक्षक हसतात. तू तसं करू नकोस. एकवीरा देवीच्या देवळाबाहेर ओटीचं सामान आणि फुलं घेऊन बसणाऱ्या बायका आहेत ना, त्यांच्याजवळ दोन सकाळी जाऊन बस. अतिक्रमणाची गाडी आली की त्यांचा हात आधी टोपलीवर जातो, तोंड मग सुटतं. एलायझाचाही आधी हात, मग तोंड.

तो टिपणारा माणूस म्हणजेच हिगिन्स. अंक संपताना तो तिच्या टोपलीत मूठभर नाणी फेकतो. त्या पैशांतून ती पहिली गोष्ट करते ती टॅक्सी. आयुष्यात पहिल्यांदा. भुकेली आहे, खोलीचं भाडं आहे, तरी टॅक्सी! ही मुलगी पोटापेक्षा मानासाठी पैसे मोडते, एवढं मनात पक्कं कर.

आता दुसरा अंक. इथे माझ्या मते सगळ्या नाटकाची किल्ली आहे आणि लोक ती एलायझाच्या पिसांच्या हॅटवर हसण्यात हरवतात. एलायझा हिगिन्सच्या घरी स्वतःहून येते. त्यानं बोलावलेलं नाही, दयेनं उचलून आणलेलं नाही. फुलांच्या दुकानात नोकरी हवी, तिथे नीट बोलणारी मुलगी लागते, म्हणून शिकवणी लावायला ती आली आहे आणि फी देणार आहे. फी किती? एक शिलिंग. हिगिन्स आधी हसतो, पण हा माणूस हिशेबाला पक्का. तो मांडतो: हिची दिवसाची कमाई अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग. त्यातलं एक शिलिंग ही एका तासाला द्यायला निघाली. दिवसाच्या कमाईचे दोन पंचमांश! लक्षाधीशानं याच मापानं फी द्यायची तर ती साठ पौंडांच्या आसपास जाईल. एवढी फी मला आजवर कुणीच देऊ केली नाही, असं तो म्हणतो.

हे वाक्य हिगिन्स करणाऱ्या मुलाला विनोदासारखं उडवू देऊ नका. तो इथे खरोखर चकित झाला पाहिजे. तुझ्यासाठी याचा अर्थ असा की तू दारात उभी राहिलीस ती गिऱ्हाईक म्हणून. आपल्याकडे एखादी बाई कांद्याच्या पैशातले पाचशे पदराला बांधून पोराच्या क्लासच्या सरांकडे जाते, आवाज चढा, नजर इकडेतिकडे, तशी. लाज आहे म्हणूनच आवाज चढा आहे.

मग पुढे काय होतं? हिगिन्स आणि त्याचा मित्र कर्नल पिकरिंग पैज लावतात: सहा महिन्यांत हिला राजदूताच्या मेजवानीत डचेस, म्हणजे बड्या सरदाराची बायको, म्हणून खपवायचं. सगळा खर्च पिकरिंगचा. झालं! शिलिंग कुणी घेतलंच नाही. फी नाकारली गेली त्या क्षणी ती गिऱ्हाइकाची वस्तू झाली, आणि हे तिला कळलेलं नाही. हिच्या अंगावर नवे कपडे चढतील, पण पुढे हिचं काय, हे फक्त घर सांभाळणारी मिसेस पिअर्स विचारते, आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

त्यातच बाप येतो. कचरा उचलणारा आल्फ्रेड डूलिटल. पोरगी मोठ्या घरात गेली म्हणजे काहीतरी मिळेल, म्हणून पाच पौंड मागायला. हिगिन्स खुशीत येऊन दहा द्यायला निघतो तर हा नाही म्हणतो. दहा आले की माणूस जपून वागायला लागतो, मग सुख गेलं! हे मी तालमीत एकदा पोरांना फळ्यावर मांडून दाखवलं होतं. एका पौंडाचे वीस शिलिंग, पाच पौंडांचे शंभर. एलायझाची रोजची कमाई अडीच. म्हणजे बापानं तिला तिच्याच चाळीस दिवसांच्या कमाईला दिलं. आकडा लिहिल्यावर तालमीतलं हसू थांबलं. प्रयोगात ते थांबवू नका, तो प्रवेश हसण्याचाच आहे, पण तुझ्या पोटात तो आकडा असू दे.

इथे थोडं अहिराणीबद्दल, कारण तुमच्या रूपांतरात मला याचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते. लंडनची ती कॉक्नी बोली गरीब वस्तीची आहे, बोललं की वर्ग कळतो. अहिराणी तशी नाही. शिरपूरकडचा चाळीस बिघ्यांचा पाटीलही घरात अहिराणीच बोलतो आणि त्याच्याकडचा सालदारही. ग्रीअर्सन या भाषापंडितानं 1907 साली भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात न ठेवता भिली भाषांच्या खंडात ठेवलं. बरोबर की चूक हा वाद पंडितांचा, पण मराठीची बिघडलेली आवृत्ती म्हणून काही तिची नोंद झाली नाही. तेव्हा 'आधी अहिराणी म्हणजे घाण, मग शुद्ध मराठी म्हणजे आंघोळ' असं नाटक धुळ्यात केलंत तर समोर बसलेल्या निम्म्या आयाबायांचा तो अपमान आहे. शिवाय लोक मानणारही नाहीत. ज्या मुलखात अक्षर न शिकलेल्या बहिणाबाईंच्या ओव्या घरोघरी आहेत तिथे रांगड्या बोलीत काव्य असतं हे कुणाला पटवावं लागत नाही. शॉलाही ते ठाऊक होतं. बाप डूलिटल तोंड उघडतो तेव्हा त्या बोलण्यातली लय ऐकून हिगिन्सच खूश होतो.

मग करायचं काय? अपमान हिगिन्सच्या तोंडी ठेवा आणि तो लोकांना झोंबू द्या. पहिल्या अंकात तो तिला म्हणतो की असे आवाज काढणाऱ्या बाईला जगण्याचा हक्क नाही. तुझी भाषा शेक्सपिअरची आणि मिल्टनची आहे. याचं मराठी करताना ज्ञानेश्वर-तुकारामांची नावं खुशाल घाला. तुकोबा ऐकून धुळ्याचा प्रेक्षक हिगिन्सवर चिडलाच पाहिजे. आणि तुझी अहिराणी खरी हवी. नाटकातली गावठी म्हणून एक बोली असते, 'व्हय जी, न्हाय जी' छापाची, ती कुठल्याच गावात बोलत नाहीत. 'आहे'ला 'शे' म्हणायचं तर 'शे'च म्हण, तुझी आजी म्हणते तसं.

जाता जाता हिगिन्स करणाऱ्या मुलालाही एक निरोप. त्याला खलनायक करू नका. शॉनं त्याच्यात हेन्री स्वीट या ध्वनिशास्त्रज्ञाची थोडी छटा घेतली आहे. शब्दांपुढे ज्याला माणूस दिसत नाही असा तो वेडा आहे. धुळ्यात असं वेड कसं असतं ते समजायला लांब जायला नको. इतिहासाचार्य राजवाडे तुमच्याच गावात 31 डिसेंबर 1926 ला गेले. इतिहासाच्या कागदांइतकाच ज्यांनी मराठी क्रियापदांच्या धातूंचा ध्यास घेतला ते हे. राजवाडे संशोधन मंडळात जाऊन तासभर बसायला सांग त्याला. राजवाडे हिगिन्स नव्हते, तसं मी म्हणतही नाही, पण शब्दाच्या मागे लागलेला माणूस कसा असेल याचा वास तिथे येतो.

तिसऱ्या अंकाचं फार नाही सांगत, तो आपोआप रंगतो. एकच: मूळ नाटकात दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाच्या मध्ये शिकण्याची दृश्यं जवळजवळ नाहीत. ते 'रेन इन स्पेन'चं, पावसाचं यमक घोकणं 1938 च्या चित्रपटातून आलं आणि पुढे 'माय फेअर लेडी' या संगीतिकेत गाणं झालं. तुमच्या सरांना तिथे गाणं टाकायचा मोह होईल. टाकू देऊ नकोस. ती थेट हिगिन्सच्या आईच्या दिवाणखान्यात येते, उच्चार नवे आणि मजकूर जुना, यातच मौज आहे. हवा आणि तब्येत या दोनच विषयांवर बोलायचं बजावलेलं, आणि ही काटेकोर उच्चारात सांगते की आमच्या मावशीला लोकांनी मारलंच, आणि तिची हॅट लांबवली. तिला स्वतःला यात काहीही हसण्यासारखं वाटत नाही. तू गंभीर राहिलीस तर लोक लोळतील. जाताना ती एक शिवी देते. 1914 साली लंडनच्या रंगमंचावर त्या एका शब्दानं खळबळ उडाली होती. अहिराणीत कोणती घ्यायची ते तालमीत ठरवा. पहिल्या रांगेतली आजी हसेल आणि प्राचार्य खोकतील एवढ्या वजनाची हवी.

आता चौथा अंक. रडू की चिडू, हा तुझा प्रश्न.

दोन्ही नको, निदान पहिली दहा मिनिटं. मेजवानी झाली आहे, पैज जिंकली आहे, मध्यरात्र झाली आहे. तिघं घरी येतात. हिगिन्स आणि पिकरिंग बोलत राहतात: सुटलो एकदाचे, कंटाळाच आला होता, मूर्खपणा होता सगळा. तिच्याशी एक शब्द नाही. हिगिन्स म्हणतो, माझ्या सपाता कुठे गेल्या? ती उठते, बाहेर जाते, सपाता घेऊन येते, त्याच्यासमोर गालिच्यावर ठेवते आणि पुन्हा जागेवर जाऊन बसते. काहीही न बोलता. थोड्या वेळानं त्याचं लक्ष जातं आणि तो म्हणतो, अरे, इथेच आहेत की! जणू त्या स्वतःच चालत आल्या.

पुढे ती ज्या सपाता त्याच्या तोंडावर फेकते, त्या ह्याच. तिनंच आणलेल्या. हे मला तिसऱ्यांदा नाटक बसवताना दिसलं, लाज वाटते सांगायला. त्याआधी मी सपाता कोपऱ्यात आधीच ठेवून द्यायचे, प्रॉपर्टीवाल्याची, म्हणजे रंगमंचावरचं सामान सांभाळणाऱ्याची, सोय म्हणून! आणण्याचा प्रवास गेला की फेकण्याचा राग नुसता आकांडतांडव वाटतो. आणण्याचा प्रवास सावकाश केलास तर फेकताना तुला आवाजही चढवावा लागणार नाही.

त्या दहा मिनिटांत काय करायचं? संवाद नसताना बसणं हे नटीचं सगळ्यात अवघड काम. माझ्या एका एलायझाला मी सांगितलं होतं, मनातल्या मनात हिशेब कर. अंगावरचे कपडे, हातमोजे, दागिने, आणि यातलं माझं काय? कारण तिचे पुढचे प्रश्न याच वाटेनं येतात. आधी: माझं काय होणार? मग: हे कपडे माझे की कर्नल पिकरिंगचे? पुढच्या प्रयोगाला मुलगी आणली तर तिला लागतील ना! उद्या माझ्यावर चोरीचा आळ नको. भाड्यानं आणलेले दागिने ती परत देते, आणि हिगिन्सनं ब्रायटनला घेऊन दिलेली अंगठीसुद्धा. तो चिडून ती शेगडीत फेकतो. तो निघून गेल्यावर ती गुडघ्यावर बसून अंगठी शोधते. मूळ नाटकात आहे हे, कापू देऊ नका.

या प्रश्नातलं भय आपल्याकडच्या मुलींना समजावून सांगावं लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर बसून काय काय गातात, सासरच्यांचा उद्धार करतात, कुणी काही म्हणत नाही, कारण माहेर आहे. एलायझाचं माहेर बापानं पाच पौंडांत मिटवलं. बाजाराच्या कोपऱ्यावर टोपली घेऊन पुन्हा बसता येणार नाही, आणि बाईसाहेब म्हणून ठेवून घेणारं घर नाही. ती म्हणते: मी फुलं विकत होते, स्वतःला विकलं नव्हतं, आता तुम्ही मला बाईसाहेब केलंत आणि दुसरं काही विकायच्या लायकीची ठेवली नाहीत. हे वाक्य रडत म्हणू नकोस, चिडूनही नको. गल्ल्यावरची बाई दिवसाचा हिशेब न लागल्यावर जशी बोलते तसं, कोरडं.

इथे एक धोका आहे. पु. ल. देशपांड्यांनी या नाटकाचं 'ती फुलराणी' केलं, 1975 मध्ये, आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा अशी गाजली की धडा शिकवण्याची भाषा करणारं तिचं स्वगत आजही एकपात्री स्पर्धांत ऐकू येतं. तूही ते कुठेतरी म्हटलं असशील. ते विसर. वाईट आहे म्हणून सांगत नाही, फार चांगलं आहे म्हणून. त्या स्वगताचा चढ तुझ्या अंगात बसला असेल तर चौथ्या अंकातली शांतता तुला जमणार नाही. जीभ आपोआप त्या तालावर जाईल. आणि तुमचं रूपांतर शॉवरून आहे, तर चौथा अंक शॉचा करा.

पाचवा अंक, आणि तुझं 'कृतघ्न'.

ती घर सोडून हिगिन्सच्याच आईकडे गेली आहे. तिथे ती पिकरिंगचे आभार मानते, मनापासून. म्हणते, माझं खरं शिक्षण तुम्ही पहिल्या दिवशी मला 'मिस डूलिटल' म्हणालात तेव्हा सुरू झालं. मी आले की तुम्ही उठून उभे राहायचात, दार उघडून धरायचात. फुलवाली आणि बाईसाहेब यांच्यातला फरक ती कशी वागते यात नसतो, तिला कसं वागवतात यात असतो. म्हणजे आभार मानायचं तिला कळतं, आणि कुणाचे मानायचे तेही. उच्चार शिकवणं हे हिगिन्सचं कामच होतं, असं ती त्याच्यासमोर पिकरिंगला सांगते. याला कृतघ्नपणा म्हणायचं असेल तर म्हण, पण मला यात सहा महिन्यांतला सर्वांत चोख हिशेब दिसतो.

'मिस डूलिटल' याचं मराठी काय करताय? हे नुसतं 'ताई' करून भागणार नाही. आपल्याकडे अहो-जाहो आहे, इंग्रजीत ते नाही, ही संधी आहे. पिकरिंग पहिल्या भेटीपासून तिला 'तुम्ही' म्हणू दे आणि हिगिन्स शेवटच्या वाक्यापर्यंत 'तू'. आणि एलायझा? तिनं चार अंक त्याला 'साहेब, तुम्ही' म्हणावं आणि पाचव्या अंकात नेमक्या एका वाक्याला 'तू'वर यावं. कोणत्या, ते पुढे सांगते. माझ्या दुसऱ्या प्रयोगात आम्ही हे केलं आणि उच्चारांच्या सगळ्या कसरतीपेक्षा ह्या एका सर्वनामानं जास्त काम केलं.

याच अंकात ती म्हणते, मूल परदेशी नेलं की थोड्या आठवड्यांत तिथली भाषा उचलतं आणि आपली विसरतं. मी तुमच्या देशातलं मूल आहे, माझी भाषा मी विसरले, आता मला तुमचीच येते. हे मी तालमीत प्रत्येक वेळी ऐकलं तेव्हा घशात काहीतरी अडकलं. सातवीतली ती शाळा, तो हॉल. आणि शॉ किती बिलंदर: यानंतर थोड्याच वेळात बाप दारात उभा राहतो, लग्नाच्या झकपक पोशाखात, आणि हिच्या तोंडून जुनाच चीत्कार निघतो! हिगिन्स आनंदानं उड्या मारतो, म्हणतो, बघा, जिंकलो. माझ्या पहिल्या प्रयोगात मी तो चीत्कार चूक झाल्यासारखा केला, जीभ चावली, मान खाली घातली. आता करायचा झाला तर मान वर ठेवूनच करीन. तुझा तो आवाज अहिराणीतला असू दे आणि त्यावर लाजू नकोस. आईनं विचारलं होतं ना, तू कुठी गेली व्हती? ती इथे परत दिसते.

मग तिची आणि हिगिन्सची खरी झटापट. तो म्हणतो, मी सगळ्यांशी सारखाच वागतो, डचेसशीही असाच. ती म्हणते, मला आपुलकी हवी. ती तिच्यावर लट्टू असलेल्या फ्रेडीशी लग्न करायचं म्हणते, तो ते उडवून लावतो. ती म्हणते, मी शिकवण्या घेईन. तो भडकतो, ती हटत नाही, आणि मग तिला एकदम दिसतं की आपल्या हातात काय आहे. तू शिकवलेलं ज्ञान तू परत काढून घेऊ शकत नाहीस. मी पेपरात जाहिरात देईन, तुमची ती डचेस म्हणजे साधी फुलवाली होती, आणि ती कुणालाही सहा महिन्यांत डचेस करून देईल. फी एक हजार गिनी.

'तू' इथे घे. "तू काढून घेऊ शकत नाहीस." आणि आकडा दातांखाली नीट धर. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. हजार गिनी म्हणजे एकवीस हजार शिलिंग. दुसऱ्या अंकात एक शिलिंग घेऊन शिकायला आलेली मुलगी पाचव्यात एकवीस हजारांना शिकवायला बसते. हट्ट तोच, आवाजातला चढही जवळपास तोच असू दे, फक्त या वेळी नजर इकडेतिकडे जात नाही. तेव्हा पदराला बांधलेली नोट देणारी होतीस, आता दुकान तुझं आहे. प्रेक्षकाला आकड्यांचं गणित जमणार नाही, पण एक शिलिंग म्हणताना तू जो हात पुढे केला होतास तोच हात हजार गिनी म्हणताना पुढे केलास तर त्याला आठवेल. हे एवढं एक मी चौथ्या प्रयोगात बरोबर केलं. हिगिन्स यावर शिवी देतो, पण खूश होऊन. रडत सपाता आणण्यापेक्षा हे बरं, असं म्हणतो. त्याचंही थोडं शिक्षण झालंच म्हणायचं.

राहिला शेवट. ती त्याच्याकडे परत जाते का?

हिगिन्स तिला जाता जाता सामान सांगतो: चीज आण, हातमोजे आण, टाय आण. मूळ शेवटात ती म्हणते, तुमचे तुम्ही आणा, आणि निघते. तो खात्रीनं हसत राहतो की ही येणार. लंडनच्या पहिल्या प्रयोगांत हिगिन्स करणारा बीअरबोम ट्री पडदा पडता पडता तिच्याकडे फुलं फेकायचा, म्हणजे प्रेक्षक खूश होऊन घरी जावेत. शॉ इतका वैतागला की 1916 साली छापताना त्यानं मागे लांबलचक टिपण जोडलं: तिनं फ्रेडीशी लग्न केलं आणि फुलांचं दुकान टाकलं. लोकांनी तरी ऐकलं नाही. चित्रपटात आणि संगीतिकेत ती परत येतेच. तुमच्या रूपांतरात कुणीतरी तिला परत आणायचा आग्रह धरेल, बहुधा बक्षीस देणारे पाहुणे येणार आहेत म्हणून. तू वाद घालू नकोस. तालमीत ते वाक्य असं म्हण की तिच्या परत येण्याला जागाच उरणार नाही, मग सरांना आपोआप कळेल.

आणि सपाता पहिल्या तालमीपासून खऱ्या वापर, त्याच जोडीच्या. आमच्याकडे एकदा ऐन प्रयोगाला प्रॉपर्टीवाल्यानं रबरी चपला दिल्या. एक उसळून थेट तिसऱ्या रांगेत गेली आणि परीक्षकांनी ती पुढचे दोन प्रवेश मांडीवर धरून बसून पाहिले.